ते म्हणजे काय?

गोविंदरावांनी साळुंकीला नुसतं 'पक्षी' म्हटलं, त्या दिवशी सुमंगलाबाईंना पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

सकाळची वेळ होती. परभणीत जिंतूर रोडच्या आतल्या अंगाला त्यांचं घर, पुढं हातभर अंगण आणि अंगणात एक पेरूचं झाड. गोविंदराव खुर्ची टाकून बसले होते आणि बाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या.

"पक्षी आलाय," गोविंदराव म्हणाले.

बाईंनी मान वर केली. झाडावर साळुंकी होती. दुसऱ्या कोणाचा नवरा असं म्हणाला असता तर त्यात काहीच नव्हतं. पण हा माणूस होला म्हणायचा, टिटवी म्हणायचा, कोतवाल म्हणायचा. होल्यातसुद्धा दोन जाती सांगायचा. नुसतं 'पक्षी' म्हणणाऱ्या माणसाला डोळे नसतात, असं वर्गात पोरांना ऐकवायचा. बाईंनी पुन्हा तांदळात बोटं घातली. वय झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण खटकलं ते खटकलंच.

गोविंदराव शाळेत मराठी शिकवायचे. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांचा उतरंडीचा धडा आजूबाजूच्या गावांतही ठाऊक होता. फळ्यावर ते खाली एक मोठं मडकं काढायचे, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. खालच्यात लिहायचे 'प्राणी', वरच्यात 'जनावर', त्यावर 'म्हैस', आणि सगळ्यात वरच्या बोळक्यात 'जाफराबादी'. मग छडी आपटून विचारायचे, "प्रत्येक म्हैस जनावर असते का?" पोरं ओरडायची, "होऽऽ." "आणि प्रत्येक जनावर म्हैस असतं का?" "नाऽऽही." "मग खालच्या मडक्यात बोलायचं नाही. नेमकं बोलायचं. वर चढायचं." जो पोरगा 'ते', 'हे', 'अमकं' म्हणायचा, त्यानं उजवा हात पुढं करायचा, त्याखाली डावा धरायचा, डोळे मिटायचे आणि छडी खायची. अशी छडी खाल्लेली माणसं आज तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत. रस्त्यात भेटली की वाकून पाया पडतात आणि हात चोळून दाखवत हसतात.

घरात छडी नव्हती, नियम मात्र तोच होता.

सुमंगलाबाई राणीसावरगावच्या. वडील देवळात पूजा करायचे आणि पोथी सांगायचे. घरी बोली गावाकडची. लग्न होऊन आल्या तेव्हा बशीला रकाबी म्हणायच्या, कपाटाला अलमारी, आणि घाईत असल्या की सगळ्यालाच 'ते'. "अहो, ते द्या न तिकडलं." गोविंदराव जागचे हलायचे नाहीत. "ते म्हणजे काय? जगातलं सगळंच 'ते' आहे." बाईंना शब्द आठवेपर्यंत कढईतलं करपून जायचं. करपलं तरी ते हलायचे नाहीत. पाहुणे असले की जरा जास्तच. "हिच्या माहेरी आठ-दहा शब्दांत संसार चालतो," असं म्हणायचे आणि पाहुणे हसायचे. मुलगी मधुवंती मोठी व्हायला लागली तशी तीही हसायला लागली. बापलेकींचा जेवताना खेळ चालायचा. बाप म्हणायचा 'भांडं', लेक म्हणायची 'पातेलं', बाप म्हणायचा 'वर चढ', लेक म्हणायची 'झाकणाचं पितळी पातेलं'. बाई वाढत असायच्या. त्यांना कोणी खेळात घेतलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. हळूहळू त्यांनी चारचौघांत बोलणंच सोडलं. लोक म्हणायचे, सरांच्या बाई फार शांत.

साळुंकीनंतर एकेक शब्द गळायला लागला. वांगं, दोडका, चुका, सगळ्याला गोविंदराव भाजी म्हणू लागले. स्कूटर, ट्रॅक्टर, एसटी म्हणजे गाडी. एकदा कुठल्याशा संस्थेनं त्यांना भाषणाला नेलं. ते माइकसमोर उभे राहिले आणि "मित्रांनो, भाषा ही एक वस्तू आहे" म्हणून थांबले, ते थांबलेच. समोरच्यांना वाटलं, सर मुद्दाम थांबलेत, आता काहीतरी खोल बोलतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर ते बूट न काढता तसेच पलंगावर बसून राहिले. बाईंनी चहा आणला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. गोविंदराव म्हणाले, "जातंय." एवढंच.

मधुवंती पुण्याहून आली आणि तिघं नांदेडला मेंदूच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी चित्रांचे कागद पुढं धरले. मोर दाखवला, गोविंदराव म्हणाले, "पक्षी." कोंबडी दाखवली, "पक्षी." घोडा दाखवला, "जनावर." मेंढी, उंट, डुक्कर, सगळ्यांना जनावर. करवत दाखवली तेव्हा बराच वेळ बघून म्हणाले, "हत्यार." पुढं पुढं पक्ष्यांनाही ते जनावर म्हणाले. शेवटच्या चित्रात एक बाई विहिरीवर पाणी शेंदत होती. त्याकडं बघून ते केविलवाणं हसले आणि म्हणाले, "बाई."

"स्मृती जाते तसं नाही हे," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "रस्ता, घर, माणसांचे चेहरे त्यांना बराच काळ कळतील. शब्दांचे अर्थ जातायत. त्यातही नेमके शब्द आधी जातात. ढोबळ शब्द शेवटपर्यंत टिकतात. मग तेही जातात."

"औषध?" मधुवंतीनं विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "बोलतं ठेवा त्यांना," एवढंच म्हणाले.

मधुवंती भिंतीकडं तोंड करून रडली. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पण त्यांना जे वाटलं ते दुःख नव्हतं. काय होतं ते त्यांना नीट कळलं नाही. कळलं तेव्हा भीती वाटली. आता तुमी चढा वर, असं कोणीतरी त्यांच्या आतून म्हणालं होतं, आणि ते चांगल्या आवाजात म्हणालं नव्हतं.

मधुवंतीनं जाण्याआधी एक माणूस ठेवून दिला. रामकिशन त्याचं नाव. तिशी उलटलेला, पिंगळीचा. घरी मेंढरं होती, ती भाऊ बघायचा. हा आधी एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता. सकाळच्या गाडीनं यायचा, सरांना अंघोळ घालायचा, फिरवून आणायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. त्याचा पगार मधुवंती मोबाइलवरून परस्पर पाठवायची. माणूस कामाला चोख होता. फार बोलायचा नाही, पण सगळीकडं त्याचं लक्ष असायचं.

पहिल्यांदा झालं ते अगदी सहज झालं. बाई भाकरी थापत होत्या. गोविंदराव येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "ते दे."

"ते म्हणजे काय?" बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बरोबर तोच सूर लागला होता, शेवटचा 'काय' थोडा ओढलेला. गोविंदराव गोंधळून बघत होते. बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग ताट वाढलं. ते जेवले. काहीच झालं नाही. पण दिवसभर बाईंना हलकं वाटत राहिलं. दुपारी शेजारणीशी त्या भिंतीवरून कितीतरी वेळ बोलल्या. माहेरचं बोलणं आपोआप तोंडात यायला लागलं होतं. "लय परेशान करायलेत बघा, पण काय करता," असं त्या म्हणाल्या. 'लय' म्हणून किती वर्षं झाली होती!

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. मग रोजच विचारायला लागल्या. आधी विचारून लगेच द्यायच्या. मग थोडं थांबून द्यायला लागल्या. "काय पाहिजे? खायचं? खायचं म्हणजे काय? भाकरी का पोळी? भाकरी कशाची? ज्वारीची का बाजरीची?" गोविंदरावांच्या कपाळावर शिरा उभ्या राहायच्या. ते तोंड उघडायचे, बंद करायचे. कधी "वस्तू" म्हणायचे, कधी "ते खायचं, ते". बाई ताट हातात धरून उभ्या राहायच्या. ताटातलं निवायचं.

त्यांना यात काय मिळत होतं? त्या स्वतःला सांगायच्या, विचारल्यानं शब्द टिकतील, डॉक्टर म्हणालेच होते बोलतं ठेवा म्हणून. ते खोटं होतं आणि त्यांना ठाऊक होतं. खरं इतकंच होतं, की त्यांना एकदा, एकदाच, गोविंदरावांच्या डोळ्यांत ते बघायचं होतं. आपण या बाईशी काय केलं, हे कळल्याचं. त्याची वाट बघत त्या ताट धरून उभ्या राहायच्या. आणि समोरच्या डोळ्यांत भुकेशिवाय काही दिसायचं नाही. मग त्या आणखी चिडायच्या.

रामकिशन आत-बाहेर करताना बघायचा. एकदा म्हणाला, "काकू, सरांचं वजन उतरायलंय. पँटी ढिल्या व्हायल्यात."

"बीमारीनं उतरतंच," बाई म्हणाल्या.

"हां," तो म्हणाला आणि टॉवेल वाळत घालायला गेला.

श्रावण संपत आला असेल तेव्हा. त्या दिवशी सकाळपासून गोविंदराव अस्वस्थ होते. रात्रीही नीट जेवले नव्हते, म्हणजे बाईंनी विचारलं होतं आणि ते कंटाळून उठून गेले होते. सकाळी बाई तव्यावर भाकरी टाकत असताना ते आत आले. वासानं आले असावेत. ओट्याला धरून उभे राहिले.

"काय पाहिजे?" बाईंनी विचारलं.

"ते."

"ते म्हणजे काय?"

गोविंदरावांनी तव्याकडं बोट केलं.

"बोट न्हाई. शब्द. शब्द पाहिजे. चाळीस वर्षं दुसऱ्याला इचारलं न तुमी? सांगा. काय आहे ते?"

गोविंदराव तव्याकडं बघत राहिले. ओठ हलले. काही आलं नाही. मग त्यांनी हळूच उजवा हात पुढं केला. डावा हात त्याखाली धरला. आणि डोळे घट्ट मिटले.

बाईंना क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं उलथनं त्या तळव्यावर बसलं होतं. जोरात नव्हतं. टप् असा आवाज झाला. हात मागं जाईल असं त्यांना वाटलं. गेला नाही. तो तसाच पुढं होता, दुसरी खायला तयार. वर्गात दोन असायच्या. बाईंनी दुसरी मारली. ही जोरात होती.

गोविंदरावांनी डोळे उघडले. त्यांच्यात राग नव्हता, लाज नव्हती, कळल्याचं काही नव्हतं. गृहपाठ विसरलेल्या पोराचे डोळे होते ते, आता शिक्षा झाली, आता जागेवर जाऊ का, असं विचारणारे. आणि बाईंच्या ध्यानात आलं, की ज्याला हरवायचं होतं तो इथं नाहीच. तो कधीच निघून गेला होता. मागं ठेवून गेला होता एक उपाशी म्हातारं, ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता.

न्हाणीघराच्या दारात रामकिशन बादली घेऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

त्यानं बादली खाली ठेवली. तव्यावरची भाकरी काढली, दुधात कुस्करली, सरांना हाताला धरून बाहेर नेलं आणि बसवून भरवली. भाकरी एका बाजूनं करपलेली होती, ती बाजू तेवढी त्यानं काढून टाकली.

मधुवंती दुसऱ्याच दिवशी आली. तिनं बॅग दारातच टाकली, बापाजवळ गेली, त्याचा हात उलटसुलट करून पाहिला. तळव्यावर काहीच नव्हतं. तरी ती बघत राहिली.

"रामकिशननं सांगितलं मला."

"सांगणारच. पगार तू देतीस."

"आई, तू बाबांना मारलंस?"

"मारलं."

मधुवंतीला वाटलं असावं की आई नाकारेल. "उपाशी ठेवतेस त्यांना?"

"उपाशी न्हाई ठेवलं. इचारलं. मला इचारायचे तसंच."

"ते वेगळं होतं! ते बाबांचं... ते शिकवणं होतं. गंमत होती ती."

"कोणाची?"

रामकिशन सरांना घेऊन अंगणात गेला. बाई खाली जमिनीवर बसल्या. मधुवंती उभीच होती.

"तुझी सावरगावची आजी गेली तवा तू सहा वर्षांची होतीस," बाई म्हणाल्या. "तुला आठवत न्हाई. घरात फोन नव्हता. शेजाऱ्यांकडं सावरगावहून सीताराममामाचा फोन आला, मी पळत गेले, पळत आले. हॉलमध्ये शिकवणीची पोरं बसलेली. मी म्हटलं, अहो, आईचं लय जास्त झालंय, जल्दी निघा. तुझे बाबा म्हणाले, जास्त काय झालंय? जास्त हे विशेषण आहे. कशाचं जास्त? वय? वजन? पोरं हसली. मी म्हटलं, आजार. ते म्हणाले, आजार हे खालचं मडकं. वरचं सांग. मला सुचंना. मामानं काय सांगितलं तेच आठवंना. मी नुसती आजार, आजार म्हणत उभी. पोरं हसायली. तुझे बाबा म्हणाले, बघा, नेमका शब्द नसला की माणसाचं कसं होतं. धडा झाला त्यांचा. पोरांना सोडल्यावर निघालो. गंगाखेडला उतरलो तवा सावरगावची शेवटची गाडी गेली होती. रातभर स्टँडवर बसलो. सकाळी घरी गेले तवा जागेवर नुसता दिवा होता."

मधुवंतीनं दारात पडलेली बॅग उचलून आत घेतली.

"बाबांना माहीत नव्हतं ना, इतकं सीरियस आहे ते," मधुवंती अखेर म्हणाली.

"तेच तर सांगायलते मी तवा."

"मग नंतर त्यांना बोलली का नाहीस कधी? भांडायचंस. मला सांगायचंस. तेव्हा नाही बोललीस, आणि आता, ज्या माणसाला काही कळत नाही..."

"हो," बाई म्हणाल्या. "आता."

मधुवंतीनं डोळे पुसले. तिला आजीचं वाईट वाटलं असेल, आईचंही वाटलं असेल. पण ती मायेनं खाली बसली नाही आणि बाईंनीही तिला बस म्हटलं नाही. संध्याकाळी तिनं बापाचे कपडे भरले. जाताना म्हणाली, "मी त्यांना घेऊन जातेय. तुला चल म्हणणार होते. पण आता नाही म्हणू शकत." गोविंदराव गाडीत बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी घराकडं बघितलं नाही. समोर रस्त्यावरून मेंढरांचा कळप चालला होता, तिकडं बघत होते.

पुण्यात मधुवंतीनं आधी त्यांना घरी ठेवलं. तिची नोकरी, नवऱ्याची नोकरी, मुलाची दहावी. शेवटी दिवाळीनंतर एका वृद्धाश्रमात ठेवलं. चांगला होता म्हणे, गार्डन होतं, नर्स होत्या. ती दर आठवड्याला आईला फोन करायची आणि औषधांचं, रिपोर्टांचं सांगायची. बाई 'बरं' म्हणायच्या. आपलं काय चाललंय ते दोघीही एकमेकींना सांगायच्या नाहीत.

एकदा तिचा अवेळी फोन आला. ती रडत होती.

"आई, आज मी गेले होते. बाबांनी माझ्याकडं बघितलं, हसले पण. आणि मला बाई म्हणाले. 'बाई आली' म्हणाले. नर्स आली तिलाही बाई. झाडूवालीलाही बाई. मी मधू म्हटलं, मुलगी म्हटलं, किती वेळा म्हटलं. मी त्यांची मुलगी आहे ना गं?"

पलीकडं हुंदका ऐकू येत होता. ही आपलीच पोर आहे, पोटची, हे बाईंना कळत होतं. तिला काय ऐकायचंय तेही कळत होतं. ओळखतात गं, शब्द नाही म्हणून काय झालं. एवढंच म्हणायचं होतं, आणि ते बहुधा खरंही होतं. डॉक्टर म्हणाले होते, चेहरे कळतील. बाईंनी तोंड उघडलं आणि म्हणाल्या, "मग? प्रत्येक मुलगी बाईच असते. चूक कुठं आहे त्यात?"

फोन बंद झाला.

बाई हातातल्या फोनकडं बघत बसल्या. त्यांना वाटलं, लगेच लावावा. माफ कर म्हणावं. त्यांनी लावला नाही. स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला, एकटीपुरता, आणि तो जास्त झाला.

त्यानंतर मधुवंतीचे फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायला लागले. रामकिशन एकदा बाजारात दिसला. त्यानं वाकून नमस्कार केला, सरांचं विचारलं. "बरे हायत का सर?" बाई म्हणाल्या, "आहेत." तो आता दुसऱ्या एका म्हाताऱ्याकडं कामाला होता. जाता जाता म्हणाला, "काकू, ताईला सांगितलं म्हणून राग मानू नका. मला सांगावंच लागत होतं." बाईंना त्याच्यावर राग नव्हता. कुणावर आहे तेच आता त्यांना सांगता आलं नसतं.

पुढच्या उन्हाळ्यात गोविंदरावांना गिळता येईना. मधुवंतीनं कळवलं तशा बाई पुण्याला गेल्या. दवाखान्यात त्या दिवसभर उशाशी बसायच्या, मधुवंती संध्याकाळी यायची. दोघी चहा, डबा, डॉक्टर एवढंच बोलायच्या. गोविंदराव फार लहान झाले होते. त्यांच्याजवळ आता 'बाई'ही उरलं नव्हतं, 'ते'ही उरलं नव्हतं. नुसता घशातून आवाज यायचा, दुखलं तरी तोच, पाणी पाहिजे असलं तरी तोच. बाई चमच्यानं ओठ ओले करायच्या. काही विचारायच्या नाहीत. त्यांना आता विचारायचंही नव्हतं. एकदा त्यांनी गोविंदरावांचा उजवा तळवा हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवला. माया आली म्हणून का लाज वाटली म्हणून, हे त्यांनी मनाशी ठरवलं नाही.

ते एका दुपारी गेले. खोलीत बाई एकट्याच होत्या.

अंत्यविधी पुण्यातच झाला. तेराव्याला मात्र सगळे परभणीला आले, कारण ओळखीपाळखी इथं. पुष्कळ लोक आले. पेपरात फोटो आला, खाली 'त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या, जावई, नातू असा परिवार आहे'. विद्यार्थी आले, सरांच्या गोष्टी सांगत बसले. बाई सगळ्यांना चहा देत होत्या. कोणी म्हणालं, बाईंनी सरांची फार सेवा केली. मधुवंतीनं तेव्हा आईकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जावई आणि नातू पुढं रिक्षात जाऊन बसले. मधुवंती फाटकापाशी थांबली. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. बाईंना ते आधी कधी दिसलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "एक विचारू?"

"इचार."

"शेवटी तूच होतीस त्यांच्याजवळ. जाताना काही म्हणाले का गं?"

"आता काय म्हणणार होते, मधू."

"काहीतरी. अर्धवट काही. आवाज तरी... माझं नाव घेतल्यासारखं?"

ती बापासारखीच उभी होती, मान किंचित तिरपी करून, उत्तराची वाट बघत. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. बाईंच्या मनात आलं, हो म्हणावं. 'म' सारखं काहीतरी म्हणाले होते, असं म्हणावं. कोणाचं काय जाणार होतं? ही पोर तेवढ्यावर उरलेलं आयुष्य काढील, आणि कदाचित कधीतरी माझ्याकडंही येईल.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "काहीच न्हाई म्हणाले."

मधुवंतीनं मान हलवली. पायाशी वाकून पटकन नमस्कार केला आणि रिक्षात जाऊन बसली. नातवानं हात हलवला. रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाई फाटक धरून उभ्या होत्या. खरं बोलल्याचं समाधान वाटेल म्हणून त्यांनी जरा वेळ वाट पाहिली. मग फाटकाची कडी लावली आणि चहाचे कप विसळायला आत गेल्या.